आपलंच पुस्तक परत मागणारे

माडीवरचे आमच्या कणगीत अडकून बसले, तेव्हा मला लग्न होऊन रत्नागिरीला येऊन पुरते चार महिनेही झाले नव्हते. सासूबाईंनी कांडायला भात काढून आण म्हणून पाठवलं. कणगी तळाला गेलेली, म्हणून मी चांगली कमरेत वाकले, तर आतल्या काळोखातून अगदी शांत आवाज आला, "वहिनी, ओरडू नका. मीच आहे. माणूस मावतो का ते बघत होतो."

मी ओरडले. ओरडणार नाही तर काय करणार? सगळं घर धावत आलं. शेवटी कणगी आडवी करून, गड्यानं पाय धरून त्यांना बाहेर ओढलं. केसांत तूस, नाकाला शेण. मामंजी, म्हणजे माझे सासरे, कमरेवर हात ठेवून म्हणाले, "अहो, हे काय चालवलंयत काय तुम्ही?" तर माडीवरचे धोतर झाडत उठले आणि म्हणाले, "मावतो. पण बाहेर निघत नाही. चोराला दुसरीकडे लपवायला हवं."

त्यांचं नाव मी सांगणार नाही. तेव्हा परक्या पुरुषाचं नाव घ्यायची आम्हा बायकांची पद्धत नव्हती, म्हणून घरात ते 'माडीवरचे' झाले. आता पद्धत गेली, तरी मला घ्यायचं नाही. त्यांच्या पुस्तकाचंही सांगणार नाही. सांगितलं तर कोणीतरी हौशी माणूस ते शोधायला जाईल, आणि तेच त्यांना नको होतं.

मूळचे केळशीचे, आमच्या माडीवर बिऱ्हाडाला. बायको पहिल्याच बाळंतपणात गेलेली, पुन्हा लग्न केलं नाही. दिवसा कोर्टात नकला उतरवायच्या, आमच्याकडे जेवायचं आणि उरलेल्या वेळात माडीवर बसून रहस्यकादंबऱ्या लिहायच्या, असा त्यांचा संसार. पुस्तकं मुंबईला छापायची आणि आगबोटीतून गोणपाटात शिवलेला गठ्ठा बंदरावर उतरायचा. तो घरी यायच्या आधी वाटेत निम्मा रिकामा व्हायचा. आणि तरी गावात विचाराल तर असली पुस्तकं कोणी वाचत नव्हतं हो! मामंजी पोथीखाली धरून वाचायचे. सासूबाईंना अक्षर येत नव्हतं, त्या नारळ खोवताना मला वाचायला बसवायच्या आणि खून झाला की म्हणायच्या, "अगो थांब, मेलीला मरू दे नीट, घाई कसली?" एकदा शाळेचे हेडमास्तर ओटीवर आले होते, ते चहा पिता पिता यांना म्हणाले, "तुमच्यामुळे पोरं बिघडतात." माडीवरचे मान खाली घालून म्हणाले, "हो, खरं आहे." हेडमास्तरांच्या कोटाच्या खिशातून त्यांच्याच कादंबरीचं टोक डोकावत होतं, ते मला दिसलं, त्यांनाही दिसलं असणार. पण बोलले नाहीत. आपण करतो ते काही फार मानाचं नाही, असं त्यांना मनातून वाटायचंच.

माणूस इतका भित्रा की सांगता सोय नाही. पानापानावर सुरे चालवणारे हे, आणि सासूबाईंचं बोट विळीवर कापलं तर घेरी येऊन हेच खाली बसले. आम्ही सासूबाईंचं सोडून यांना पाणी देत होतो. पण चौकशी करायला म्हणजे कुठे लाजायचे नाहीत. न्हावी असो, वकील असो, पाणी भरणारी बाई असो, यांचा प्रश्न ठरलेला. "समजा, तुम्हाला आमच्या घरात चोरी करायची आहे. कुठून शिराल?" आणि गंमत बघा, कोणाला राग यायचा नाही. माणसं आनंदानं जागा दाखवायची. राजिवड्याची एक बाई मासळीची टोपली घेऊन रस्त्यानं जायची, तिला विचारलं तर ती म्हणाली, "तुमच्या माडीत शिरून मला काय गावनार? कागद?" हे घरी येऊन ते आम्हाला सांगून सांगून हसत होते.

लिहायची रीत उलटी. शेवटचं प्रकरण आधी. मी एकदा विचारलं, "आधी खून नको का व्हायला?" तर म्हणाले, "नाही वहिनी. आधी माणूस ठरवायचा. एकदा ह्यानंच केलं असं ठरलं ना, की मग दार, दिवा, जोडे, सगळं त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला लागतं. आपल्याला फक्त लिहून घ्यायचं." मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. मी ते शेजारणींना सांगत फिरले होते.

त्यांची हुशारी पुस्तकाबाहेरही चालते, असं गावाला वाटायला लागलं ते एका फणसामुळे. आमच्या परसातला कापा फणस कोणीतरी लांबवला. माडीवरच्यांनी कोणाला काही विचारलं नाही, नुसते कोपऱ्यावरच्या दुकानासमोर बसून राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या धोतराकडे बघत राहिले. फणसाचा चीक काही धुऊन जात नाही. संध्याकाळच्या आत चोर सापडला, आमच्याच भाऊबंदांतला निघाला आणि मामंजींनी त्याला अर्धा फणस देऊन वाटेला लावलं. झालं! तेव्हापासून कोणाचं वासरू हरवलं, कोणाची घागर हरवली, की माणसं आमच्या जिन्याशी. हेही नको नको म्हणत खाली उतरायचे. पण उतरायचे.

आता नथीचं सांगायला हवं. इथवर हसत आले, इथून पुढे हसण्यासारखं नाही.

आमच्या आळीत देवीचं देऊळ. मामंजी पंचांतले, देवीच्या दागिन्यांची पेटी आमच्या घरी. पूजा सखा गुरवाकडे. त्याच्या बापजाद्यांपासूनचं ते काम. डावा पाय थोडा ओढत चालायचा, बोलताना डोळे मिटायचा आणि देवीशी बोलल्यासारखा हळू बोलायचा. दसऱ्याला देवीला चांदीचं रूपं, म्हणजे मुखवटा, लावायचे, त्याच्या नाकात मोत्यांची नथ, अंगावर पैठणी, पदर डोक्यावरून. संध्याकाळी सोनं लुटून झालं, की सखा एकेक दागिना उतरवून मामंजींच्या हातात द्यायचा आणि मामंजी पेटीत ठेवायचे. शेवटी पैठणी उतरवायची. ती सासूबाईंनी घडी घालून घरी आणायची आणि ट्रंकेत ठेवायची ती थेट पुढच्या वर्षापर्यंत. त्या वर्षी गर्दी फार होती, सगळं घाईघाईत झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी पेटी उघडली, तर नथ नाही.

पेटी आमच्या घरात. किल्ली मामंजींच्या जानव्याला. गाव काय म्हणणार ते काय सांगायला हवं? सासूबाईंनी पाण्याचा थेंब घेतला नाही. मामंजी नुसते ओटीवर येरझाऱ्या घालत होते.

पंचांनी सखाला बोलावलं. तो म्हणाला, "नथ मी काढली नाय. मुकुट काढला, हार काढले, नथ काय काढली नाय. देवीची शप्पत." बस, एवढंच. किती वेळा विचारलं तरी एवढंच. मग ठरलं, देवीला कौल लावायचा. आमच्याकडे अडलं की कौल. मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कळ्या लावायचा मान गुरवाचा. सगळी आळी देवळात जमली. सखानं कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. "नथ गावात हाय का गो आई?" उजवी पडली. पुन्हा कळ्या लावल्या. "कोनी चोरली काय?" सगळे श्वास धरून. डावी पडली.

चोरली नाही? मग गेली कुठे? माणसं एकमेकांकडे बघायला लागली. तेवढ्यात मागून आवाज आला, "कळ्या लावल्या कोणी?"

माडीवरचे सभामंडपात पुढे आले. मी बायकांत खांबाशी उभी होते. त्यांच्या कादंबरीत शेवटच्या प्रकरणात गुप्तहेर सगळ्यांना एका खोलीत जमवतो आणि एकेकाचा निकाल लावतो, अगदी तस्सं सुरू झालं. आधी मामंजींकडे वळले. पेटी यांची, किल्ली यांची. माझ्या सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला. पण पेटीत नथ गेलीच नाही, हे त्यांनी असं काही उलगडून दाखवलं, की मामंजी लोकांसमोर डोळे पुसायला लागले. मग देवीपुढे ढोल वाजवणारा. तोही सुटला. मग आवाज उतरवून म्हणाले, "दागिने उतरवले कोणी? गुरवानं. तो म्हणतो, नथ मी काढली नाही. बरं. मग रूप्यावर ती आहे का? नाही. देवळातून बाहेर जाताना एकाच माणसाच्या हातात झाकलेली परडी होती. निर्माल्याची. फुलं झाकायची काय गरज? आणि आता देवी म्हणते, चोरी झालीच नाही. देवी म्हणते, की जो कळी कमीजास्त ओली करून लावतो तो म्हणतो?"

सगळा मंडप 'अगो बाई गो' म्हणाला. आणि खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला तो आनंदाचा होता. पुस्तकातलं आपल्यासमोर घडत होतं! सखाच्या हाताला कळ्यांचं पाणी अजून तसंच होतं. तो माडीवरच्यांकडे बघून म्हणाला, "मी काढली नाय हो." मग पंचांकडे बघून तेच म्हणाला. मग खांद्यावरचं फडकं घेतलं आणि पाय ओढत पायऱ्या उतरून गेला. परडी तो रोजच झाकायचा. वाटेत निर्माल्य पायदळी सांडू नये म्हणून. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्या वेळी एकालाही आठवलं नाही.

पोलिसात द्यायचं नाही, देवीची अब्रू जाते, असं पंचांनी ठरवलं. सखाची पूजा काढून घेतली, दुसरा गुरव आणला. सखा बायकोला घेऊन हेदवीकडे तिच्या माहेरी गेला. आमच्या घरावरचं बालंट टळलं म्हणून सासूबाईंनी त्या दिवशी पुरण घातलं. माडीवरच्यांनी ते दोनदा मागून घेतलं.

आणि मग त्यांनी ते पुस्तक लिहिलं. मी म्हणते, इतकं चांगलं त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. गुरवाचं नाव बदललं होतं, गावाचं बदललं होतं. पण तो ओढता पाय, ते डोळे मिटणं, ती झाकलेली परडी! कोण ओळखणार नाही? शिमग्याला मुंबईचे चाकरमानी आले ते ट्रंकेत हे पुस्तक घालून. आंजर्ल्याला माझं माहेर, तिथे मी गेले तर तिथेही पडवीत एकजण वाचतोय आणि दहाजण ऐकतायत. "तुमच्याच आळीतला ना गो तो गुरव?" मला विचारत होते. मी हो म्हणून मिरवत होते.

पुढच्या नवरात्राच्या आधी देवीची लुगडी उन्हात घालायची म्हणून मी ट्रंक उघडली. पैठणी अंगणात काठीवर पसरताना पदर झटकला, तर हाताला काहीतरी टोचलं. पदराच्या आत, जरीच्या तारांत फासा अडकून, नथ लोंबत होती. सगळे मोती जागच्या जागी.

मी हाक मारली ती कशी मारली कोण जाणे. सासूबाई आल्या आणि तिथेच अंगणात खाली बसल्या. सगळं लख्ख कळत होतं. डोक्यावरून पदर ओढला गेला आणि नथ त्याच्याबरोबर आली. सखानं ती काढलीच नव्हती. तो तेच सांगत होता.

मामंजींनी आधी दिंडी दरवाजा लावून घेतला. मग म्हणाले, "कोणी बोलायचं नाही. दसऱ्याला रूप्याला लावून टाकू. देवीनं परत दिली म्हणू."

जिन्यात पाऊल वाजलं. माडीवरचे खाली आले होते. नथ त्यांनी हातात घेतली नाही, वाकून बघितली आणि पहिला प्रश्न काय विचारावा? "पदर कुठल्या बाजूनं ओढला होता?" सवयच ती. आणि मग त्यांच्या तोंडावरचा रंग उतरत गेला. ओट्याच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "काढली नाही म्हणाला होता हो तो. किती साधं बोलला होता."

"झालं ते झालं," मामंजी म्हणाले.

"झालं नाही. मी केलं. मी मंडपात उभं राहून बोललो, आता तिथेच उभं राहून सांगणार."

"आणि आमच्या घराचं काय? नथ आमच्या ट्रंकेत निघाली म्हणजे लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतील ते मला नका विचारू. लोकांच्या तोंडी मीच घातलंय."

कधी नव्हे ते सासूबाई मामंजींसमोर बोलल्या. "घडी माझ्या हातची. सांगू दे त्यांना." आणि मामंजींनी दरवाजाची कडी काढली.

घटस्थापनेला सगळी आळी जमलेली असताना माडीवरच्यांनी नथ दाखवली, पैठणी दाखवली, कशी अडकली ते करून दाखवलं. "सखा गुरव निर्दोष आहे, मी खोटा आहे," असं स्पष्ट म्हणाले. मध्येच थांबायचे, शब्द सापडायचे नाहीत. मागल्या वेळची ऐट नव्हती. आणि लोकांचं काय? लोकांना ते पटलं नाही! एकजण म्हणाला, "गुरवानंच घाबरून नंतर आणून अडकवली असेल." दुसरा म्हणाला, "तर काय! पुस्तकात नाही का, चोर माल परत आणून टाकतो, तसंच." तिसऱ्यानं तर पान सांगितलं. माडीवरचे म्हणत होते, अहो ते मी रचलेलं आहे, मी! तर कोणीतरी त्यांची समजूत काढत म्हणालं, "तुम्ही मनाचे मोठे, म्हणून त्याला पाठीशी घालताय." तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मी पदर तोंडाला लावला आणि घरी निघून आले.

त्यानंतर त्यांनी एक ओळ लिहिली नाही. लोकांना पुढचे जे माडीवरचे आठवतात, ते म्हणजे काखेत कापडी पिशवी घेऊन दारोदार फिरणारे. सुट्टी आली की निघाले. झाडगाव, पेठकिल्ला, मांडवी, पुढे पुढे तर होडीनं, गाडीनं, पायी, कुठे कुठे. दारात उभं राहायचं आणि हात जोडून म्हणायचं, "माझं ते पुस्तक आपल्याकडे आहे का? परत द्याल का?" कोणी द्यायचं, कोणी असून नाही म्हणायचं. एक वकील म्हणाले, "शेवट तेवढा वाचू दे की!" ज्यांनी वाचलं नव्हतं, ते मुद्दाम मिळवून वाचायला लागले. एवढं परत मागतोय म्हणजे आत काहीतरी असणार, असं त्यांना वाटे. रस्त्यात पोरं मागे लागायची, "काका, आमच्याकडे आहे, आमच्याकडे आहे!" हे खरंच त्यांच्यामागे जायचे. मुंबईच्या प्रकाशकाला लिहिलं, आता छापू नका. त्याचं उत्तर आलं की हक्क आमच्याकडे आहेत आणि मागणी चांगली आहे.

जमलेली पुस्तकं आमच्या न्हाणीघराच्या चुलीत जायची. सासूबाई एकेक पान फाडून आत सारायच्या. ज्या पुस्तकातलं एकेक पान मी त्यांना वाचून दाखवलं होतं, त्यावर आमचं आंघोळीचं पाणी तापत होतं. गाव त्यांना वेडे म्हणायचं. आमच्या ओटीवरसुद्धा लोक टाळ्या देऊन हसायचे आणि आम्ही घरातली माणसं चहा घेऊन बाहेर यायचो. त्या हसणाऱ्यांना आम्ही कधी उठवलं नाही. आजही त्याची लाज वाटते.

ते जाऊनही आता किती वर्षं झाली. मध्यंतरी माझ्या नातवानं रद्दीवाल्याकडून एक जुनं पुस्तक आणलं, कव्हर फाटलेलं. वाचून झाल्यावर मला म्हणतो, "आजी, काय जबरदस्त आहे गो! तो गुरव असा काही पकडलाय!" मी त्याच्या हातातून ते काढून घेतलं आणि सरळ चुलीत घातलं. तो माझ्यावर अजून फुरंगटून आहे. त्याला वाटतं, म्हातारीचं डोकं फिरलं. म्हणून म्हटलं, हेदवीचं एकदा सांगून टाकावं.

नथ सापडली त्याच दसऱ्यानंतर आम्ही सखाकडे गेलो. मामंजी काही आले नाहीत, तब्येतीचं निमित्त सांगितलं. माझे यजमान पंचांचा निरोप घेऊन निघाले, की पूजा परत सांभाळ. निदान पंचांना तरी खरं पटलं होतं. गुरविणीची ओटी भरायला म्हणून सासूबाईंनी मला पाठवलं. आणि माडीवरचे. आगबोटीनं जयगड, तिथून तरीतून खाडी ओलांडून तवसाळ, पुढे बैलगाडी.

सखा दुसऱ्याच्या पोफळीच्या बागेत शिंपणाला होता. निरोप गेल्यावर आला. वाळला होता. त्यानं आम्हाला अंगणात घोंगडी घातली, गुरविणीनं गूळपाणी आणलं. माडीवरच्यांनी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. सखा एकदम मागे सरला. "ह्या काय करतायसा? ब्राम्हनानं असा करू नये." मग यजमानांनी नथ कशी सापडली ते सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत होता. ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाला, "तरी मी म्हनत व्हतो, मी काढली नाय." मी गुरविणीची ओटी भरली. तिनं पदर पुढे केला, माझ्याकडे बघितलं मात्र नाही.

यजमानांनी पूजेचं काढलं. सखा म्हणाला, "ता मागनं बघू. आदी माझा येक काम करा. ता पुस्तक हितं पन आलाय. मानसं वाचतात न् माझ्याकडं बघतात. मला अक्षार येत नाय, न् मला कोन वाचून दावत नाय. तुमी लिवलायसा, तुमीच वाचा. माझ्या पायी काय काय झाला ता मला कळू तरी दे."

माडीवरचे म्हणाले, "सखा, नको. दुसरं काही सांग."

"दुसरा काय नको."

शेजारच्या घरातून पुस्तक आणलं. त्याच्यामागून शेजारची माणसंही आली, कुंपणाच्या गडग्याशी उभी राहिली. माडीवरच्यांनी शेवटचं प्रकरण उघडलं. पहिल्या ओळी तोंडातून निघेनात. घसा खाकरायचे, थांबायचे. पण काय सांगू, पान उलटलं आणि वाचन लागलं. त्यांचाच हात तो, त्यांचीच वाक्यं. जिथे थांबायचं तिथे थांबले, जिथे आवाज उतरायचा तिथे उतरला. त्यांना ते आवरेना. गडग्याशी एक पोरगं खोकलं तर चारजणांनी त्याला गप्प केलं. मलाही पुढलं सगळं पाठ होतं, तरी मी मान पुढे काढून ऐकत होते. सखा गुडघ्यांना मिठी मारून बसला होता आणि या खेपेला त्याचे डोळे सताड उघडे होते. परडीचं आलं तेव्हा त्याच्या तोंडून 'च्च' निघालं. कळ्यांचं आलं तेव्हा त्यानं आपलेच हात उलटेपालटे करून बघितले.

वाचून झालं. माडीवरच्यांनी पुस्तक मिटलं, वर बघायची काही त्यांना हिंमत होईना. सखानं गुडघ्यांची मिठी सोडली. मग म्हणाला, "लय ब्येस लिवलायसा. खोटा नाय सांगत. आयकता आयकता माझा मलाच वाटाया लागला, नथ मीच नेली असंन."

कोणी हसलं नाही. तो यजमानांकडे वळला. "पूजा नको आता. कळी लावताना माझा मीच हाताकडं बघत बसन."

आणि मग दाराशी उभ्या असलेल्या बायकोकडे बघून त्यानं विचारलं, "तू आयकलंस ना गो? तुला काय वाटला?"

गुरविणीनं त्याच्याकडे बघितलं, माडीवरच्यांच्या हातातल्या पुस्तकाकडे बघितलं आणि आत निघून गेली.